डुकरिणीचं दूध आणि बाळाची शी

दीड महिन्याच्या नातवाला घेऊन आजी ओपीडीत आल्या. "आईचं दूध पातळ, निळसर. पोराच्या अंगी लागंना, म्हणून डब्याचं सुरू केलं. आता शी खड्यासारखी होते." आईला दूध भरपूर येत होतं. पातळ दिसतं एवढ्यावरून ते बंद व्हायच्या वाटेवर होतं.

पावडर घट्ट कालवली तरी शी घट्ट होते. ते आम्ही आधी विचारतो. इथे कालवणं बरोबर होतं. मग उरलं दुधातल्या स्निग्धाचं कारण. ते समजायला डुकरिणीकडे जावं लागतं. नाक मुरडू नका.

स्निग्धाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला लटकलेली तीन मेदाम्लं. त्यांतलं पामिटिक आम्ल सुटं असलं तर ६३ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे पोटातल्या उबेत ते मेणासारखं घट्टच. आतड्यातलं लायपेज हे विकर कडेची दोन मेदाम्लं कापतं. मधलं कण्याला चिकटून राहतं आणि पित्तात मिसळून सहज शोषलं जातं. आईच्या दुधात बहुतेक पामिटिक याच मधल्या जागी असतं. पामतेलात ते मुख्यतः कडेला. अनेक डब्यांत हेच तेल असतं. कडेचं पामिटिक सुटलं की कॅल्शियमशी जुळून त्याचा अक्षरशः साबण होतो. शी घट्ट होते, मेद आणि कॅल्शियम दोन्ही वाया जातात.

गाईच्या दुधात पामिटिक मध्ये आणि कडेला असं वाटलेलं असतं. डुकरिणीच्या दुधात मात्र ते आपल्यासारखंच, बहुतांशी मध्ये. पिल्लाला त्याची गरजही तशीच. जन्मतः त्याच्या अंगावर जेमतेम १-२ टक्के चरबी, ऊब देणारी तपकिरी चरबी तर नाहीच. पान्हा तासा-पाऊण तासाने सुटतो आणि १५-२० सेकंदांत आटोपतो. तेवढ्यात मिळालेलं स्निग्ध वाया घालवणं त्याला परवडणारं नाही.

डुकराच्या चरबीतही हीच मांडणी असते. १९६९ मध्ये अमेरिकेत तान्ह्या बाळांच्या दुधात ती घालून पाहिली. मग त्याच चरबीतल्या मेदाम्लांच्या जागा विस्कटून पुन्हा दिली. मेदाम्लं तीच, प्रमाण तेच, पण शोषण स्पष्ट घटलं. आता वनस्पती तेलांपासून विकरं वापरून तशी मांडणी बनवतात, पण ती सगळ्याच डब्यांत नसते.

आजींना मी डुकरिणीचं काही बोललो नाही. सुरुवातीचं दूध निळसरच असतं, साय मागून येते, एक बाजू पुरती रिकामी होऊ द्या, एवढं सांगितलं. बाळाचं वजन केलं, डबा कसा कमी करत न्यायचा ते आईला लिहून दिलं आणि आठ दिवसांनी पुन्हा वजनाला बोलावलं.