पर्यायी केंद्र आहे. पण तिकडे जायचं कुणी ठरवायचं?

माहितीची राखण : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण प्रतींचा हिशेब पाहिला: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. एवढं केलं की माहिती वाचते. काम मात्र आपोआप सुरू होत नाही. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला आपली नोंद कुठल्या तरी डिस्कवर शाबूत आहे, याचा काय उपयोग? ई-पॉस मशीनवर अंगठा लागून धान्य पिशवीत पडायला हवं. बिघाड झाल्यावर ते कामच दुसऱ्या यंत्रणेवर हलवणं म्हणजे फेलओव्हर. आजचा विषय तो.

रेशनच्या मशीनवरचा अंगठा आधारशी ताडला जातो. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० रोजी. आधारची माहिती बेंगळुरू आणि हरियाणातलं मानेसर अशा दोन ठिकाणी सांभाळली जाते. पण गावातल्या अंगठ्यापासून तिथपर्यंतच्या वाटेवर मशीन, सिमकार्डाचं नेटवर्क आणि राज्याचा सर्व्हरही येतो. यातलं एक अडलं तरी दुकानदार ‘सर्व्हर डाऊन’ म्हणतो आणि रांग घरी जाते. २०२४ च्या पावसाळ्यात राज्यभर ई-पॉस रखडलं, तेव्हा ऑफलाइन वाटपाला परवानगी द्यावी लागली. कागदावर वाटप करून नोंदी मागाहून चढवणं हासुद्धा फेलओव्हरच. फक्त तो आधी ठरलेला असला, तर गोंधळ कमी होतो.

नियोजन कुठे फसतं, हे मुंबईच्या एका प्रसंगातून स्वच्छ दिसतं. २४ फेब्रुवारी २०२१. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११:४० ला थांबले. एक्स्चेंजकडे साधनांची वाण नव्हती. मुख्य केंद्र, एकही नोंद गमवायची नाही म्हणून जवळच ठेवलेलं दुसरं केंद्र आणि दूर चेन्नईत पर्यायी केंद्र, अशी तिहेरी तटबंदी होती. दूरसंचार जोडण्याही दोन वेगळ्या कंपन्यांच्या होत्या. त्या दोन्ही तुटल्या. रस्त्याकडेच्या खोदकामाचं कारण पुढे देण्यात आलं. करार दोन असले तरी जमिनीखालचा धोका एकच होता.

जवळच्या केंद्राशी संपर्क तुटला तरी मुख्य केंद्राने एकट्याने चालत राहावं, अशी अपेक्षा होती. घडलं उलटंच. सगळी माहिती साठवणारी स्टोरेज यंत्रणा बिथरली आणि सर्व्हरना तिच्यापर्यंत पोचता येईना. त्यामुळे दलालांच्या जोखमीवर नजर ठेवणारी प्रणाली बंद पडली, आणि तिच्याशिवाय सौदे चालू ठेवणं धोक्याचं होतं. संरक्षणासाठी बसवलेल्या जोडणीनेच मुख्य यंत्रणेला खाली ओढलं.

इथे थोडं थांबून यंत्रणा समजून घेऊ. जवळच्या केंद्रात प्रत्येक नोंद त्याच क्षणी लिहिली जाते. तिकडून ‘पोचली’ असा निरोप आल्यावरच इकडे ती पक्की होते. अंतर वाढलं की निरोपाला वेळ लागतो आणि सगळं काम मंदावतं. म्हणून दूरच्या केंद्रात नोंदी किंचित मागून जातात. जवळचं केंद्र नोंदी हरवू देत नाही, पण त्याच शहरातल्या पुरात तेही बुडू शकतं. दूरचं केंद्र पुरातून वाचतं, पण शेवटच्या काही मिनिटांचा हिशेब पुन्हा जुळवावा लागतो. म्हणजे दूर जायचं ठरवताना कुणाला तरी छातीवर हात ठेवून म्हणावं लागतं, ‘एवढं नुकसान मला मान्य आहे.’

त्या दिवशी काम चेन्नईला हललं नाही. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी ३:४५ ला, आणि त्यासाठी बाजाराची वेळ ५ पर्यंत वाढवावी लागली. दरम्यान अनेक दलालांनी ग्राहकांचे सौदे मुंबई शेअर बाजारात जाऊन मिटवले होते. ‘आता होईल दुरुस्त, दहा मिनिटं थांबू,’ हा मोह कुठल्याही तंत्रज्ञाला होतो, आणि दहा-दहा मिनिटांनी दुपार निघून जाते. बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नेमकी ही पळवाट बुजवली. महत्त्वाची यंत्रणा अडली, तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत काम पूर्ववत करायचं, गरज पडल्यास पर्यायी केंद्रातून. निर्णय माणसाच्या धीरावर न सोडता घड्याळावर सोपवला गेला.

पुढची पायरी सरावाची. २ मार्च २०२४ या शनिवारी बाजाराने मुद्दाम खास सत्र ठेवलं. सकाळी ९:१५ ते १० सौदे मुख्य केंद्रातून, मग ११:३० पासून तासभर पर्यायी केंद्रातून. खरे पैसे, खरे सौदे. तालमीत खरं काम नसेल, तर जुना पासवर्ड, संपलेला परवाना, बदललेला फोन नंबर असल्या चुका लपून राहतात. गिटलॅब या कंपनीने ३१ जानेवारी २०१७ ला हे अनुभवलं. एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, आणि नेहमीच्या बॅकअपच्या फायली शोधल्या तर त्या तयारच होत नव्हत्या. अपयशाची सूचना देणारी ईमेलही पोचत नव्हती. आधी योगायोगाने घेतलेल्या एका प्रतीवर निभावलं, तरी सहा तासांच्या नोंदी गेल्या.

आता आपल्या मापाचं पाहू. केंद्र सरकारने २०२२ मध्ये मंजूर केलेल्या योजनेतून देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांचं संगणकीकरण हाती घेतलं गेलं. ब्राह्मणपुरीसारख्या गावातल्या सोसायटीला चेन्नईत केंद्र उभारायचं नाही. एका कागदावर मावेल एवढी योजना मात्र हवी. पीककर्ज वाटपाच्या हंगामात काम किती तास बंद राहिलं तर चालेल? किती वेळाच्या नोंदी पुन्हा भरायची तयारी आहे? हलायचं कुणी ठरवायचं, आणि सचिव रजेवर असतील तर कुणी? आधी काय सुरू करायचं: सभासदांची खाती की मागच्या वर्षीचा ताळेबंद? नेटच्या दोन जोडण्या असतील, तर त्या एकाच खांबावरून आल्यात का? शेवटचा प्रश्न मोफत तपासता येतो, आणि तपासतं कुणीच नाही.

हा कागद त्याच संगणकात ठेवू नका. छापून भिंतीवर लावा. मग कामाचा ताण नसलेला एक दिवस निवडा, मुख्य संगणक बंद करा आणि दिवसभराचं काम पर्यायी व्यवस्थेवर करून पाहा. पहिल्या खेपेला काहीतरी अडेलच. जे अडेल ते लिहून ठेवा. कागदातली पहिली दुरुस्ती तिथून सुरू होते.

पुढच्या आठवड्यात : मुख्य यंत्रणा दुरुस्त झाल्यावर काम परत तिकडे कसं न्यायचं, आणि मधल्या काळातल्या दुहेरी नोंदींचं काय करायचं.