पट्टेरी मफलर: रंग कुठे बदलायचा?
नाताळच्या सुट्टीपर्यंत मफलर गळ्यात हवा असेल, तर मध्यम जाडीची लोकर आणि 5 मिमीची क्रोशाची सुई घ्या. रुंदी 18-20 सेंमी, लांबी 170 सेंमी तरी हवीच. निफाडच्या थंडीत एका वेढ्याने भागत नाही. पायाची साखळी सैल घाला, नाहीतर कड आवळते.

खरं कसब रंग बदलण्यात आहे. ओळीतला शेवटचा खांब जुन्या रंगात पुरा करू नका. सुईवर दोन टाके उरले, की नवा रंग त्यांतून ओढून घ्या. पट्टा स्वच्छ उठतो. पट्टे दोन-दोन ओळींचे ठेवले, तर जुना धागा त्याच कडेला सापडतो. तो न तोडता वर न्यायचा, पण ताणायचा नाही.