मोटारीतला खडखडाट आणि रबराचे कडे

नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटा आणि त्याचा दांडा टेबलावर टेकवा. आवाज एकदम मोठा होतो, कारण कंपने टेबलात उतरतात आणि सारी फळी थरथरू लागते. आता टेबलावर खोडरबर ठेवून दांडा त्यावर टेकवा. आवाज दबतो. मोटार धावत असताना तिच्या चाकाजवळ हाच प्रयोग चाललेला असतो.

तेथे नादकाट्याच्या जागी पोलादी तारेची कॉइल स्प्रिंग असते आणि टेबलाच्या जागी गाडीचा पत्र्याचा सांगाडा. दोहोंच्या मध्ये बसवलेले रबराचे कडे म्हणजे आपले खोडरबर!

तुम्ही विचाराल, धक्के झेलायला स्प्रिंग असताना हे कडे कशाला? स्प्रिंगवर गाडी सेकंदाला साधारण एक-दीड वेळा सावकाश वरखाली होते. खड्ड्याचा मोठा धक्का त्यात जिरतो. पण खडबडीत डांबरावर सेकंदाला शेकडो बारीक कंपनेही निर्माण होतात. तारेलाही वस्तुमान असते, त्यामुळे ही कंपने तरंगांच्या रूपाने वेटोळ्यांतून धावत वरच्या टोकाला पोचतात. समजा, स्प्रिंगचे वस्तुमान 2 किलोग्रॅम आहे आणि ती 1 सेंटिमीटर दाबायला 200 न्यूटन बल लागते. दोन्ही टोके पक्की धरल्यास तिची स्वतःची कंप्रता सेकंदाला सुमारे 50 येते. तेथून पुढे स्प्रिंगवर भरवसा ठेवता येत नाही. मऊ रबर मात्र ही कंपने सहन करता करता स्वतःच दबते, आणि त्यांची बरीचशी ऊर्जा वर पोचत नाही. थोडी उष्णतेत जाते.

रबराला म्हातारपण येते. उष्णता, ऑक्सिजन आणि ओझोन यांमुळे ते कडक होते, चिरते. मग पोलाद पोलादाला लागते. खड्ड्यात ‘खट्’, वळताना कुरकुर. कडे नवे घातले की हा आवाज जातो. टायरचा हवेतून येणारा घरघराट राहतोच, आणि ‘खट्’ झिजलेल्या सांध्याचाही असू शकतो. तेव्हा सांधे आधी तपासलेले बरे.

कडे स्वस्त, पण ते बदलण्याचे काम धोक्याचे आहे. पुष्कळ मोटारींच्या पुढच्या चाकांना असतो त्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये स्प्रिंग दाबून नटाने अडकवलेली असते. चाक उचलले तरी ती पुरती सैल होत नाही. वरची स्प्रिंग 10 सेंटिमीटर दाबलेली राहिली, तर तिच्यात ½ × 20,000 × 0.1 × 0.1, म्हणजे 100 ज्यूल ऊर्जा असते. 10 किलोग्रॅमचा धोंडा 1 मीटरवरून पडतो तेवढी! नुसता नट फिरवला तर ती एका क्षणात सुटेल. म्हणून मेकॅनिक आधी स्क्रूच्या शिकंज्यात स्प्रिंग आवळतो आणि मगच नटाला हात लावतो. तुम्ही हे काम लांबूनच पाहा. तारेचे टोक कड्याच्या पायरीला नीट भिडले पाहिजे, नाहीतर स्प्रिंग तिरकी बसते आणि आवाज पुन्हा सुरू होतो. दोन्ही बाजूंची कडी सहसा एकदमच बदलतात.

वर्गात एक नवे आणि एक वाळून टणक झालेले खोडरबर मिळाले, तर नादकाटा दोन्हींवर सारख्याच जोराने टेकवा आणि फरक ऐका.