सीमेवरचा फोन

देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीरकडच्या मंडळींना आठवत असेल. माणूस घरातच, पण मोबाइलचं बिल परमुलखात फिरून आल्यासारखं! कारण साधं होतं. फोनला राज्याची हद्द कळत नाही. ज्या टॉवरचा सिग्नल जोरकस, तो टॉवर तो धरतो. तो पलीकडच्या आंध्र किंवा कर्नाटक सर्कलचा निघाला की रोमिंग लागे. २००३ मध्ये येणारा फोन फुकट झाला, तरी रोमिंगमध्ये त्याचेही पैसे पडत. २०१७ पासून कंपन्यांनी देशांतर्गत रोमिंगचा हा भार काढत आणला.

१९५६ पर्यंत हा सारा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. उदगीर तर बीदर जिल्ह्यातच. माणसांची वाटणी झाली, सोयरीक तशीच राहिली. आमचेही नातेवाईक दोन्हीकडे. तेव्हा खुशाली विचारतानाही नजर घड्याळाकडे असे.

आजही बिल फुगलं तर गप्प बसू नका. तपशीलवार बिल मागा. परदेशी रोमिंग, न मागितलेल्या सेवा तपासा. कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. समाधान झालं नाही, तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. बोलल्याचे पैसे द्यावेत, न बोलल्याचे का?