कक्षेतील मुक्काम आणि पृथ्वीवरील पुनरागमन

• पनवेलच्या वडाळे तलावाकाठी संध्यासमयी, न लुकलुकता काही मिनिटांत आकाश ओलांडून जाणारा जो तेजस्वी ठिपका अधूनमधून दिसतो, ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने जाणारे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक होय. दिवसाकाठी सुमारे सोळा प्रदक्षिणा, तितकेच सूर्योदय.

• भारहीनता : गुरुत्वाकर्षण तेथे नाहीसे होत नाही, भूपृष्ठावरील सुमारे ९० टक्के शिल्लक असतेच; परंतु स्थानक व त्यातील माणसे अखंड पृथ्वीकडे पडत असल्यामुळे भार जाणवत नाही. हाडे, स्नायू क्षीण होऊ नयेत म्हणून रोज सुमारे दोन तास व्यायाम.

• कक्षेत गेलेले दोन भारतीय : राकेश शर्मा (१९८४, सोव्हिएत अंतराळस्थानक साल्युत-७) आणि शुभांशु शुक्ला (२०२५, आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक), दोघेही आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र. शुक्ला यांच्या शिदोरीत आमरस होता. मूग-मेथीचे दाणेही त्यांनी तेथे रुजवले.

• परतीचा प्रवास : यानापुढील हवा दाबली जाऊन प्रखर तापते, उष्णतारोधक कवच तो दाह सोसते, अखेरीस हवाई छत्र्या उघडतात. शर्मा ११ एप्रिल १९८४ रोजी कझाकस्तानच्या भूमीवर उतरले; शुक्ला १५ जुलै २०२५ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सागरात. परतल्यावर हातातला मोबाइलही शुक्ला यांना जड वाटला.