आर्थिक सचोटी, बायबलमधील
आर्थिक सचोटी, बायबलमधील : पैशाचा व्यवहार देवापुढे तसाच लोकांपुढेही निर्मळ असावा, ही बायबलमधील शिकवण. खरी वजनेमापे वापरावीत, मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नये, असा जुन्या करारात आदेश आहे (लेवीय १९); गरिबाकडून व्याज घेण्यासही मनाई आहे (निर्गम २२). नव्या करारात जक्कय हा जकातदार फसवून घेतलेल्याची चौपट भरपाई करण्यास सिद्ध होतो (लूक १९). यरुशलेमसाठी जमविलेल्या निधीविषयी शंका राहू नये, म्हणून मंडळ्यांनी निवडलेला प्रतिनिधी पौलाने सोबत घेतला (२ करिंथ ८). म्हणजे केवळ हेतू शुद्ध असून भागत नाही. हिशेबाला साक्षीदार लागतो.

ब्रिस्टल येथील अनाथालयांचे चालक जॉर्ज म्यूलर (१८०५–९८) कर्ज काढीत नसत व वार्षिक हिशेब प्रसिद्ध करीत. त्यांच्या लेखनाचा पंडिता रमाबाईंवर (१८५८–१९२२) प्रभाव पडला. शारदा सदनास दहा वर्षे साहाय्य देण्यासाठी १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली होती. ती मुदत संपल्यावर रमाबाईंनी १८९८ मध्ये अमेरिकेस जाऊन कार्याचा अहवाल सभासदांपुढे मांडला.