तीस सेकंदांचा नसलेला नियम
दुसऱ्याचे गाणे किंवा चित्रपटातील दृश्य ३० सेकंदांपेक्षा कमी घेतले, अथवा व्हिडिओखाली मूळ निर्मात्याचे नाव दिले, की स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, प्रश्न मिटतो, या सर्वत्र रूढ समजुतीला कायद्याचा कोणताही आधार नाही. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यातील कलम १०७ नुसार ‘फेअर यूज’, म्हणजे परवानगीवाचून केलेला रास्त वापर, ठरवताना वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेल्या भागाचे प्रमाण व महत्त्व आणि मूळ कृतीच्या बाजारपेठेवरील परिणाम यांचा एकत्रित विचार होतो. म्हणूनच माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या अप्रकाशित आत्मकथनातील जेमतेम ३०० शब्द उद्धृत करणारे ‘द नेशन’ साप्ताहिक १९८५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात हरले, तर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने, मूळ व्हिडिओचा निम्म्याहून अधिक भाग दाखवूनही त्यावर ठिकठिकाणी थांबून टीका करणारा यूट्यूब व्हिडिओ रास्त ठरवला. भारतातील १९५७ च्या कायद्याचे कलम ५२ मात्र खासगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन अशी प्रयोजनेच नेमून देते, त्यामुळे मराठी व्हिडिओकाराला केवळ अमेरिकी कलमाचा हवाला पुरत नाही. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा तर फक्त ध्वनी व चित्र जुळवून पाहते. समीक्षा आणि नक्कल यांतील भेद तिला कळत नाही, आणि तिने नोंदवलेला दावा म्हणजे न्यायनिर्णय नसल्यामुळे खऱ्या समीक्षकाने तो निमूटपणे मान्य करण्याचे काहीच कारण नाही.